तीन किलोमीटर

रविवार, रात्री उशिरा

काल सकाळी वॉटर स्कीवर, म्हणजे बोटीमागे दोरी धरून पाण्यावर घसरत जाताना, मला सहाच्या सहा बोये, बाहेरून वळसा घालायचे ते तरंगते गोळे, मिळाले आणि तेव्हापासून माझे कशातच लक्ष नाही. ज्या गोष्टीसाठी ऑक्टोबरपासून दर शनिवारी अंधारात उठते आहे ती एकदाची घडल्यावर जीव असा खंतावून का राहावा, हे लिहून काढल्याशिवाय मला उमगणार नाही, म्हणून इतक्या उशिरा वही घेऊन बसले आहे.

घडले ते आधी जसेच्या तसे लिहिते. सात वाजता तळ्यावर पोचले तेव्हा वारा पडलेला होता आणि सायप्रसची झाडे पाण्यात उलटी उभी दिसत होती. बोटीच्या मागच्या फळीवर बसून बुटांत साबणाचे पातळ पाणी फवारले, आधी डावा पाय सारला, त्याच्यामागे उजवा, आणि ओल्या रबराने घोटे आवळले तसा पोटात तोच गोळा आला जो पंचविसाव्या वर्षी येत असे. गेले पाच महिने आम्ही शेहेचाळिसावर आहोत. म्हणजे बोटीचा वेग ताशी ४६ किलोमीटर, दोरी १८.२५ मीटर, तिचा लाल फास बोटीच्या खांबाला. आणि गेले पाच महिने तिसरा बोया मला हुलकावणी देतो आहे. पहिल्याला वळण थोडे लांबते, दुसऱ्याला आणखी थोडे, आणि तो सगळा साचलेला उशीर तिसऱ्यापाशी असा वसूल होतो की बोयाला बाहेरून वळसा घालायचा सोडून मी त्याच्या आतूनच निघून जाते आणि हँडल सोडून पाण्यात बसते.

काल तिसऱ्यापाशी पोचले तेव्हा वेळ शिल्लक होता. याहून नेमका शब्द मला सुचत नाही. बोया अजून पुढे होता, दोरी ताणलेली होती, मी एक हात सोडून दुसरा लांबवला आणि स्की माझ्या पायांखालून आपण होऊन वळली. चौथ्यालाही तेच झाले. पाचव्याला थोडी ओढाताण झाली, पण सहावा मिळाला आणि शेवटच्या गेटमधून, म्हणजे दोन बोयांमधल्या वाटेतून, सरळ बाहेर पडले. पाण्यात बुडता बुडता मी मोठ्याने ओरडले, तेही मराठीत, "मिळाले, सगळे मिळाले!" बोट वळून माझ्यापाशी आली, मी फळीवर चढले, टॉवेल घ्यायला वाकले आणि नजर बोटीचा वेग दाखवणाऱ्या स्क्रीनवर गेली. तिथे ४३ हा आकडा होता.

मी तो पाहिला हे बोट चालवणाऱ्या पोराने पाहिले. "पास सुरेख झाला," असे तो त्या फेरीबद्दल हलकेच म्हणाला, मी "हो" म्हणाले, आणि दोरी नीट असतानाही ती पुन्हा गुंडाळत बसले.

घरी येईपर्यंत माझी समजूत अशी होती की मला त्याचा राग आला आहे. हा मुलगा सहा-सात वर्षांचा असताना पुढच्या सीटवर लाइफ जॅकेट घालून बसत असे, आणि पाय बाहेर काढू नकोस म्हणून मी त्याला दटावलेले आहे. आता तो मला न विचारता, न सांगता माझ्यासाठी तीन किलोमीटर कमी करतो, हे मनाला लागेल असे वाटले होते. पण राग दुपारपर्यंतही टिकला नाही. जानेवारीत खोल पाण्यातून उठताना माझ्या मांडीच्या मागचा स्नायू धरला होता, तेव्हा यानेच मला गाडीपर्यंत आणून सोडले आणि एक शब्दही जास्त बोलला नाही. त्याने केले ते मायेने केले. त्या मायेविरुद्ध माझी काही तक्रार नाही.

मला टोचते आहे ते वेगळेच. मला कळले नाही.

ताशी ४६ च्या जागी ४३ झाले आणि मला ते कळले नाही, ही गोष्ट मी काल दिवसभर मनात उलटून पालटून पाहते आहे. पहिल्या गेटपासून शेवटच्या गेटपर्यंत अंतर २५९ मीटर असते. ४६ च्या वेगाने त्याला वीस सेकंदांहून थोडे जास्त लागतात आणि ४३ च्या वेगाने जवळपास बावीस; म्हणजे मधल्या फरकाचे १.४ सेकंद. पाण्यावर तेवढ्या वेळात माणूस एका बाजूच्या वळणातून सुटून बोटीमागच्या लाटा ओलांडू शकतो. तेवढा वेळ कोणी माझ्या ओंजळीत आणून ठेवला आणि मी तो माझ्या हातांची कमाई समजून ओरडले.

कारण एके काळी मला कळत असे. उपग्रहाच्या आधाराने वेग राखणारे यंत्र तेव्हा आमच्या तळ्यावरच्या बोटीत नव्हते. या पोराचे आजोबा एका हाताने चाक आणि दुसऱ्याने थ्रॉटल सांभाळीत, आजी मागे तोंड करून बसत, आणि त्यांच्या गळ्यात पिवळ्या दोरीचे स्टॉपवॉच असे. ५५ हा आम्हा बायकांचा कमाल वेग. त्या वेगाला अचूक वेळ १६.९५ सेकंद. पास संपला की आजी घड्याळ मुठीत झाकून धरीत आणि मी पाण्यातूनच आकडा सांगे: सोळा ऐंशी, सतरा शून्य पाच. मग त्या मूठ उघडीत. माझा अंदाज बहुतेक वेळा एक दशांश सेकंदाच्या आत असे. आजोबांचा हात किंचित जड पडला असेल तर माझ्या खांद्यांना ते पहिल्याच बोयापाशी समजे, कारण दोरीची ओढ वेगळी लागे आणि पायाखालचे पाणी टणक होई. ती जाण मला कोणी शिकवली नव्हती. ती आली कधी हे मला माहीत नाही, म्हणून ती गेली कधी हेही मला माहीत नाही, आणि काल तो आकडा दिसला नसता तर ती गेली आहे हेसुद्धा मला कळले नसते.

मी थांबले २००४ साली. त्या ऑगस्ट-सप्टेंबरात फ्लोरिडातल्या आमच्या पोक काउंटीवरून तीन चक्रीवादळे गेली, चार्ली, फ्रान्सिस आणि जीन, तीही सहा-सात आठवड्यांच्या आत. तळ्यावरचा धक्का मोडला, बोयांच्या तारा कुठल्या कुठे गेल्या. दुरुस्ती झाली की येते असे मी आजोबांना सांगितले होते. मग धाकटी झाली, मग ते घर, मग इकडची नोकरी. आजोबा गेले तेव्हाही माझे जाणे झाले नाही. आजींना कार्ड पाठवले. त्याविषयी आज लिहिणार नाही.

धाकटी शाळेत असताना तिला लेगोलँड दाखवायला नेले होते. जुन्या सायप्रस गार्डन्सच्या जागेवर ते २०११ साली उघडले. १९३६ साली उघडलेल्या ज्या बागेच्या किनाऱ्याने या खेळाला घरोघरी पोचवले, तिथे आता प्लास्टिकच्या ठोकळ्यांचे राज्य आले असले तरी पाण्यावरचा खेळ त्यांनी चालू ठेवला होता. स्कीवरच्या मुलींकडे बोट दाखवून मी तिला म्हणाले, "मीही हे करत असे." ती म्हणाली, "आई, खरंच?" त्या "खरंच"मध्ये शंका नव्हती, नुसते आश्चर्य होते, आणि मला आठवते की तेच मला जास्त लागले होते.

काल रात्री झोप लागेना तेव्हा जे जे आठवायला नको ते सगळे आठवून झाले. अँडी मॅपल २०१५ च्या ऑगस्टात गेले ते बावन्न वर्षांचे होते; १९८१ साली अठराव्या वर्षी या खेळात विश्वविजेता झालेला माणूस. ते वय मी मागच्याच वर्षी ओलांडले. आईला हल्ली फोनवर माझा आवाज लगेच ओळखू येत नाही. तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर मार्चमध्ये गाडीची काच खाली केली की संत्र्यांच्या बहराचा वास आत येत असे. त्या बागा जाऊन तिथे घरे उभी राहिली आणि नक्की कोणत्या वर्षापासून वास येईनासा झाला ते मला सांगता येत नाही. दोन वाजता उठून पाणी प्यायले आणि स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली तळहात पाहिले. बोटांच्या मुळाशी चार घट्टे पुन्हा धरले आहेत. उजव्या हाताच्या मधल्या बोटाखालचा काल फाटला आणि त्याच्या कडेला पातळ, पांढरी, अजून ओली साल उभी राहिली आहे. ती ओढून काढावीशी वाटते, पण काढायची नसते, कात्रीने कापायची असते. मी कात्री आणून ती कापली. हे मात्र माझे हात विसरलेले नव्हते.

आज सकाळपासून मन थोडे निवळले आहे, आणि त्याला निमित्त झाले एका गोष्टीचे जी मला पूर्वीपासून ठाऊक होती, पण स्वतःला लावून कधी पाहिली नव्हती. पुरुषांचा कमाल वेग ताशी ५८ किलोमीटर असतो, आणि पस्तिशी ओलांडली की वरिष्ठ गटात तो ५५ होतो. पुढच्या वयोगटांत आणखी उतरतो. म्हणजे नेमके तीन किलोमीटर, तेही नियमपुस्तकात छापलेले. त्यात कोणी कोणाची कीव केलेली नाही. जगातले उत्तमोत्तम खेळाडू वयाच्या त्या टप्प्यावर येतात, तीन किलोमीटर मागे ठेवतात आणि दोरी आखूड करत पुढे जातात. कमाल वेग गाठला की दोरी कमी करत जाणे, हीच या खेळाची खरी वाट आहे. बोया मधल्या रेषेपासून ११.५ मीटरवर असतो आणि शेवटी शेवटी दोरीच ११.२५ मीटर उरते, तेव्हा उरलेले अंतर आपल्या अंगाने, लांबवलेल्या हाताने भरून काढावे लागते. मी तिथवर कधी गेले नाही. माझी धाव ५५ च्या वेगाला १६ मीटरपर्यंतची. पण वेग कमी होणे आणि खेळ कमी होणे या दोन गोष्टी एक नाहीत, एवढे मला पंचविसाव्या वर्षीही माहीत होते. तेव्हा ते पस्तिशीपुढच्या पुरुषांबद्दल माहीत होते इतकेच.

आणि मग दुपारी पोळ्या लाटताना काका आठवले. सांगलीला घाटावर आम्ही सगळी पोरे पाठीला डबा बांधून पोहायला शिकलो. माझा डबा पत्र्याचा, गोड्या तेलाचा, चांगला मोठा होता. काका त्याचे झाकण मेणाने बसवीत आणि सुंभाने तो माझ्या पाठीला आवळून बांधीत. मे महिन्याच्या अखेरीस एके दिवशी मी पुलाच्या बाजूला बरीच लांब जाऊन परत आले, आणि काठावर चढल्यावर काकांनी पाठ सोडवली तेव्हा दिसले की तो मोठा डबा नव्हताच. त्याच्या जागी निम्म्या आकाराचा होता. "आठ दिवस झाले बदलून," असे काका म्हणाले. मी आनंदाने नाचले होते. आठ दिवस मला कळले नव्हते याचे मला काहीच वाटले नव्हते. उलट त्याचाच तर आनंद होता.

म्हणजे न कळणे तेव्हाही होते. काकांनी आधार काढून घेतला म्हणून मी नाचले आणि या पोराने आधार दिला म्हणून मी रात्रभर जागले. दोघांनी सांगितले नाही, आणि न सांगण्यामागचे कारणही एकच होते, की सांगितले असते तर मी बोयाकडे किंवा पाण्याकडे न पाहता त्या फरकाकडेच पाहत राहिले असते. याच्यापुढे मात्र मला विचार करता येत नाही. माझे मन अजून त्या १.४ सेकंदांपाशी परत येते, पण काल जसे येत होते तसे येत नाही. काल त्या सेकंदांत मला फक्त माझे उणेपण दिसत होते. आज आठवते आहे की तिसऱ्या बोयापाशी हात लांबवला तेव्हा खांदे खाली होते, गुडघे मऊ होते, नजर पुढच्या बोयावर होती, आणि हे सगळे कोणी माझ्यासाठी केलेले नव्हते.

संध्याकाळी मी पोराला संदेश पाठवला. पुढच्या शनिवारी स्क्रीनवर टॉवेल टाकायचा, ४० ते ४६ च्या मधला कोणताही वेग त्याने लावायचा आणि मला सांगायचा नाही. पास संपल्यावर मी पाण्यातून वेळ सांगेन. दोन-चार शनिवार चुकेन, कदाचित वर्षभर चुकेन. तरी शेहेचाळिसावर सहा बोये घेण्याआधी मला हे परत मिळवायचे आहे, कारण बोये कोणालाही मिळतात, पण ती जाण माझी होती.

त्याचे उत्तर लगेच आले. आजींचे स्टॉपवॉच अजून खणात आहे, आणू का, असे त्याने विचारले. मी विचारले, दोरी पिवळीच आहे ना. नऊ वाजून गेले होते, तो झोपला असावा.