आमची वाटचाल : कपाशीच्या गावात ऑर्किडची लॅब

आमचं गाव आर्वी तालुक्यात, चहूकडे कपाशी, तूर, सोयाबीन. २०१४ ला पुण्यातली लॅबची नोकरी सोडून मी घरी आलो तेव्हा बाबा दोन महिने धड बोलले नाहीत, पण गोठ्याला लागून असलेल्या दोन खोल्या त्यांनीच रिकाम्या करून दिल्या आणि टाइल्स बसवायला गवंडीही त्यांनीच आणला. तिथं लॅब थाटली, म्हणजे काचेच्या बाटल्यांत निर्जंतुक खाद्यावर रोपं वाढवायची; सुरुवात केळीच्या रोपांनी केली, कारण घर त्यावर चालणार होतं. जीव मात्र ऑर्किडमध्ये होता.

ऑर्किडची एक शेंग फोडली की लाखो बिया निघतात, हातावर घेतल्या तर नुसतं पिवळट पीठ. त्या बीजवळ स्वतःची शिदोरीच नसते, जंगलात एक बुरशी तिला खाऊ घालते तेव्हा कुठे ती रुजते. १९२२ मध्ये नडसन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं दाखवून दिलं की बुरशीऐवजी साखर दिली तरी चालतं, आणि आमचा सगळा धंदा त्या साखरेवर उभा आहे. पण साखर म्हटली की बाकीच्या बुरशा आणि जिवाणूही जेवायला येणारच, म्हणून एवढी स्वच्छता.

पहिल्याच पावसाळ्यात ६०० बाटल्यांपैकी ४०० गेल्या. आधी वाटलं हवा दमट आहे, लॅमिनारचा, म्हणजे गाळलेल्या स्वच्छ हवेत काम करायच्या टेबलाचा, फिल्टर बदलला, खोली तीनदा पुसली, तरी तेच. मग बायकोच्या लक्षात आलं की ज्या बाटल्यांत आम्ही अजून बी टाकलंच नव्हतं त्याही दुधाळ होऊन राहिल्या आहेत. म्हणजे दोष मीडिया, रोपांचं ते साखर घातलेलं खाद्य, शिजवण्यातच. ऑटोक्लेव्हमधली, म्हणजे वाफेच्या दाबानं जंतू मारणाऱ्या मोठ्या कुकरमधली, हवा पूर्ण बाहेर जायच्या आधीच मी व्हॉल्व्ह बंद करत होतो, काटा १५ पाउंड दाखवायचा पण आत १२१ डिग्री होतच नव्हतं. आता वाफेची सलग धार सुटल्याशिवाय व्हॉल्व्हला कोणी हात लावत नाही, आणि प्रत्येक घाणातल्या चार बाटल्या आठवडाभर रिकाम्याच ठेवून बघतो.

पण खरी परीक्षा बाटलीबाहेर. आत २५ डिग्री, भरपूर ओलावा, आयतं जेवण, त्यामुळे पानावरचा मेणाचा थर पातळच राहतो आणि पाणी धरून ठेवायची पानाला सवयच नसते. आम्ही एप्रिलमध्ये डेंड्रोबियम या ऑर्किडची रोपं बाटलीतून काढली, बाहेर ४४ डिग्री, शेडनेट होतं, पाण्याचं धुकं सोडणारे फॉगर होते, दुपारी लाइट गेली आणि संध्याकाळपर्यंत सगळे ट्रे झोपले. वर्षभर बाटलीत वाढवलेली रोपं होती ती. त्या रात्री आम्ही दोघंही जेवलो नाही.

आई म्हणाली, "अरे आपण कपाशी मृगाची वाट पाहून पेरतो, मंग हे पोरं काहून उन्हात काढून राह्यला?" तेव्हापासून मृग ते पोळा एवढ्याच काळात बाटल्या उघडतो. आधी आठ-दहा दिवस बंद बाटल्याच शेडमध्ये नेऊन ठेवतो, मग कोमट पाण्यात मुळं धुतो, खाद्य घट्ट करणाऱ्या अगरच्या जेलीचा कणही राहू देत नाही, नाहीतर त्यातल्या साखरेवर कूज धरते. मग नारळाच्या सालीचे तुकडे आणि कोळसा, माती अजिबात नाही. लोकं अजूनही याला बांडगूळ म्हणतात, ते मनाला लागतं, कारण ऑर्किड झाडावर फक्त बसतं, त्याचा रस पीत नाही. आमच्याकडच्या जंगलात मोहाच्या झाडावर रास्ना नावाचं ऑर्किड असंच बसलेलं असतं, ते तोडून विकायला आणणाऱ्यांना आम्ही परतच पाठवतो.

फॅलेनॉप्सिस या दुसऱ्या ऑर्किडचा नाद सोडला. त्याला फुलांचा दांडा यायला काही आठवडे गारवा लागतो, तो आपल्याकडे हिवाळ्यातच मिळतो आणि उन्हाळ्यात झाड जपायचा खर्च परवडत नाही. डेंड्रोबियम आपलं ऊन सावलीत सोसतं. बेन्झिल अडेनिन हे संप्रेरक देऊन त्याला बाटलीतच फुलवता येतं, आम्हीही तीन बाटल्या फुलवल्या, नखाएवढी जांभळी फुलं आली, शाळेतली पोरं नाक काचेला लावून बघत होती. विकायला मात्र ते काढलं नाही, आम्हाला बागेत वर्षानुवर्षं टिकणारं झाड द्यायचंय.

शेडमधला पहिला दांडा २०१९ च्या दिवाळीत आला, बी टाकल्यापासून तिसऱ्या वर्षी. बाबांनी खुर्ची आणून त्याच्यासमोर ठेवली आणि बराच वेळ बसून राहिले. आता लग्नसराईत नागपूरचे डेकोरेटर दांडे नेतात, बाकी रोपं घरोघरी जातात. कोणाला यायचं असेल तर जूनच्या मध्यानंतर या, तेव्हा बाटल्या उघडणं चालू असतं, आणि चपला तेवढ्या बाहेर काढा.