माझा अनुभव : आठवड्याभराच्या भाज्या आणि एकच रकाना

इंदूरच्या एका मोठ्या रुग्णालयातल्या आहार विभागाचा फॉर्म आठवला की अजून राग येतो. दिवसभरात काय खाता, यासाठी त्यात चारच रकाने : रोटी, चावल, दाल, सब्जी. प्रत्येकासमोर फक्त आकडा घालायचा. डाळ कुठली, भाजी कुठली, भाकरी कशाची, हे लिहायला जागाच नाही.

झालं असं, की नेहमीच्या तपासणीत माझं हिमोग्लोबिन आणि बी-१२ दोन्ही कमी आलं. रक्त देणं, रिपोर्ट, डॉक्टर, गोळ्या हे सगळं बिनबोभाट पार पडलं. डॉक्टरांनी आहाराचा सल्ला घ्यायला खालच्या मजल्यावर पाठवलं आणि तिथे घोडं अडलं.

आमच्याकडे पूर्वापार शाकाहार. सासूबाईंमुळे चातुर्मासात कांदा, लसूण, वांगी बंद, त्यामुळे चार महिने वेगळ्याच भाज्या पानात येतात. म्हणून मी फॉर्मच्या समासात बारीक अक्षरात लिहिलं : ज्वारीची भाकरी, चाकवताची ताकातली भाजी, मटकीची उसळ, रात्री मुगाची खिचडी आणि कढी. काउंटरवरच्या मुलीने वाचलं आणि फॉर्म परत सरकवला. ‘मैडम, कंप्यूटर में नंबर ही जाता है. सब्जी एक कटोरी लिख दीजिए.’ मी म्हटलं, अहो, कालची भाजी वेगळी होती, आजची वेगळी आहे. ‘सब्जी तो सब्जी है.’ तिला तरी काय बोलणार, तिच्या पडद्यावरही तेच चार रकाने होते.

नवा कोरा फॉर्म, पुन्हा रांग. मध्येच टोकनची यंत्रणा बंद पडली, ती सुरू होईतो जेवणाची सुट्टी झाली. शेजारच्या बाकावर मधुमेहाचे वयस्कर रुग्ण ताटकळत होते. त्यांना जेवायला कधी जाता येईल, हे कोणी सांगेना. मला फार वाईट वाटलं, आणि चीडही आली.

अखेर आत गेले. पडद्याकडे बघून आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या, तुमच्या आहारात विविधता नाही. चार आकड्यांत विविधता दिसणार कशी? हातात छापील कागद मिळाला : पालक, पनीर, सोयाबीन. सोमवार ते रविवार तेच. आणि ज्या बाईचं हिमोग्लोबिन कमी आहे तिला चहा कधी घेता, हे त्या फॉर्मने विचारलंच नाही. जेवण झाल्या झाल्या चहा घेतला तर त्यातलं टॅनिन अन्नातलं लोह नीट शोषू देत नाही. वनस्पतींतलं लोह मुळातच कमी शोषलं जातं, त्यात ही भर. चहा जेवणापासून निदान तासभर लांब ठेवायचा आणि पानात लिंबू, आवळा किंवा पेरू काहीतरी असू द्यायचं, क जीवनसत्त्वाने लोह अंगी लागतं. हे मला नंतर कळलं, त्या खोलीत नाही.

पुढच्या वेळी मी फॉर्म भरलाच नाही. वही नेली. त्यात प्रत्येक जेवण नावानिशी, वाटीच्या मापासकट, सुट्टीचा एक दिवसही धरून लिहिलं होतं. सुदैवाने त्या दिवशी विभागप्रमुख बाई बसल्या होत्या. त्यांनी वही शांतपणे वाचली आणि मग खरं बोलणं सुरू झालं. प्रथिनं ज्या घटकांची बनतात त्यांपैकी लायसिन तांदूळ-गव्हात कमी, मेथिओनिन डाळींत कमी, म्हणून वरण-भात आणि भाकरी-उसळ या जोड्या पक्क्या ठेवा. कडधान्यांना मोड आणा, त्याने लोह अडवणारं फायटेट कमी होतं. छापील कागदावर त्यांनी स्वतः काट मारली, तेव्हा मला केवढं समाधान वाटलं!

बी-१२ चं मात्र त्यांनी स्पष्ट सांगितलं आणि मीही तितक्याच स्पष्टपणे सांगते : कोणत्याही पालेभाजीतून किंवा कडधान्यातून ते मिळत नाही. दूध-दह्यातून थोडं येतं, पण कमतरता असेल तर डॉक्टरांनी दिलेली गोळी किंवा इंजेक्शन घ्यायलाच हवं.

राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात दिवसभराच्या २००० कॅलरींच्या ताटात ४०० ग्रॅम भाज्या आहेत, धान्य २५० ग्रॅम आणि डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम. आपल्या घरांत बहुधा हे उलटं होतं, पोळ्या भरपूर आणि भाजी डावीकडच्या चटणीसारखी चमचाभर. मी आधी तेच बदललं.

विविधतेसाठी रोज नवी पाककृती शोधायची गरज नाही, बाजारात पिशवी भरतानाच ती ठरते. नंदलालपुऱ्याच्या भाजीबाजारात गेले की मागच्या वेळी न घेतलेली एक तरी भाजी घ्यायची. घरात कडधान्यांच्या बरण्या ओळीने लावल्या आहेत : मूग, मटकी, चवळी, हरभरे, मसूर, वाल. डावीकडची उचलायची आणि वापरून झाली की उजव्या टोकाला ठेवायची. घरातल्या कोणालाही विचारावं लागत नाही, आज काय भिजवायचं. पावसाळ्यात भुट्ट्याचा कीस, थंडीत गराडू म्हणजे तळलेला कंद, तोही आठवड्यातून एकदा आणि वर लिंबू पिळून. सकाळच्या पोह्यांत वाफवलेले मोड घालते. जीरावन मसाला आणि शेव वरून आहेच, इंदूरच्या माणसाला त्याशिवाय पोहे म्हणवत नाहीत.

चाकवत बाजारात बथुआ म्हणून मिळतो. पानांच्या खालच्या बाजूला पांढरट भुकटी असते, ती कीड किंवा औषध नव्हे, तशीच असते. मातीसाठी दोनतीन पाण्यांतून धुवा, हरभऱ्याची डाळ आणि दाणे आधी भिजवा, ताकाला बेसन लावून घोटा. वरून लसणाची फोडणी, चातुर्मास असेल तर नुसती हिंग-मिरचीची.

सहा महिन्यांनी पुन्हा तपासलं तेव्हा दोन्ही आकडे वर आले होते. गोळ्यांचा वाटा मोठा आहेच. पण आता गोळी आणि चहा एका वेळी घेत नाही, आणि दुपारचं पान मनापासून आवडीने खाते.

तुम्हाला असाच फॉर्म दिला तर भांडत बसू नका, आकडे घाला आणि मागे वहीचं पान टाचणीने लावून द्या. त्या पानाची झेरॉक्स आधी काढून ठेवा, फॉर्म परत मिळत नाही. आणि सकाळचं पहिलंच टोकन घ्या, बरोबर काहीतरी खायला न्या.