टक्का चांगला, मग गोवर आला कुठून?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. साथरोगांची आकडेवारी बघण्याचं काम करते म्हटलं की हा प्रश्न हमखास येतो: ‘लसीकरण ९५ टक्के झालंय म्हणता, मग गोवराची साथ आली कशी?’ कुणाच्या आवाजात कुतूहल असतं, कुणाच्या संशय. संशयाचाही मला राग येत नाही. आकडा आम्हीच दिलेला असतो.

गोवराइतका झपाट्याने पसरणारा आजार क्वचितच सापडेल. कुणालाच प्रतिकारशक्ती नसेल, तर एका रुग्णापासून १२ ते १८ जणांना लागण होते. रुग्ण खोलीतून निघून गेला तरी दोन तासांपर्यंत विषाणू तिथल्या हवेत टिकू शकतो. आणि पुरळ उठायच्या चार दिवस आधीपासूनच मूल तो पसरवत असतं, घरच्यांना नुसती सर्दी वाटत असते तेव्हा. म्हणून ९५ टक्के हवेत, आणि तेही दोन्ही डोसांचे.

आता या ९५ कडे नीट बघा. हजार मुलांमागे पन्नास राहिली. ती गावोगाव विखुरलेली असतील, तर विषाणूला पुढचं मूल सहजी सापडत नाही. तीच पन्नास एका वस्तीत असली, एका शाळेत जात असली, तर तिथे लसीकरण जवळजवळ शून्य आहे. जिल्ह्याचा टक्का मात्र दोन्ही वेळा तोच. म्हणून जिल्ह्याच्या आकड्यावर मी थांबत नाही, गाव आणि वस्तीपर्यंत खाली उतरते.

खाली उतरलं की दुसरीच गोष्ट दिसते. एका केंद्राच्या तक्त्यात मी १०४ टक्के वाचले होते. शंभर मुलांत एकशे चौघांना लस कशी मिळेल? खोट कुणाच्या कामात नव्हती, छेदात होती. मुलांची संख्या जुन्या जनगणनेवरून अंदाजाने धरलेली, आणि शेजारच्या भागातली मुलंही इथेच लस घेऊन गेलेली. जिथे टक्का शंभराच्या वर जातो, तिथे खरी मुलं किती हे आपल्याला माहीत नसतं, आणि जे माहीत नाही त्यातच सुटलेली मुलं असतात.

शिवाय राहिलेली मुलं साठत जातात. वर्षाला १०,००० जन्म धरा. ९५ टक्क्यांना एक डोस मिळाला आणि त्यातल्या ९३ टक्क्यांना संरक्षण लाभलं, तर ८,८३५ मुलं सुरक्षित. उरली १,१६५. पाच वर्षांत ती ५,८२५ होतात. दुसरा डोस आहे तो यासाठीच. पहिल्यावर भागलं असं समजणाऱ्या आईवडिलांना मी हाच हिशेब कागदावर मांडून दाखवते.

देखरेखीचंही सांगते. एखाद्या भागातून वर्षभर गोवराचा एकही संशयित रुग्ण कळवला गेला नाही, की मला धडकी भरते. ताप आणि पुरळ तर इतर आजारांतही येतात. तपासून ‘हा गोवर नाही’ असं ठरलेले रुग्ण दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला निदान दोन तरी दिसायला हवेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष आहे. तेही नसतील, तर तिथे आजार नाही असं म्हणता येत नाही. तिथे कुणी बघतच नाही, एवढंच कळतं.

एका साथीत रुग्णांच्या यादीवरून मी नकाशावर ठिपके लावत होते. सगळे एकाच बांधकामाजवळ गोळा झाले. तिथे गेले तेव्हा एका आईने प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेलं लसीकरणाचं कार्ड काढून दिलं. पहिला डोस दुसऱ्याच जिल्ह्यात झालेला, दुसऱ्याचा रकाना कोरा. कामाच्या मागे ते कुटुंब इथे आलं होतं. आमच्या यादीत त्या मुलाचं नाव नव्हतं आणि तिकडच्या यादीत तो अजून तिकडेच राहत होता. दुसऱ्या डोसासाठी तिला बोलवायला दोन्हीकडून कुणीच गेलं नव्हतं.

त्या दिवशी आम्ही तिथल्या प्रत्येक खोलीचं दार वाजवून मुलं मोजली.