मिसळ बाहेर, बिरडं घरात

मुंबईत राहून घरी मिसळ करण्यात फारसा अर्थ नाही, आणि बाहेर जाऊन बिरडं (सोललेल्या वालांची उसळ) मागवण्यात तर अजिबात नाही. यामागे पातेल्याचं गणित आहे. काही पदार्थ मोठ्या पातेल्यात तासागणिक सुधारत जातात, काही त्याच पातेल्यात स्वतःच्याच वजनाखाली चिरडतात. काय घरी करायचं आणि कशासाठी चपला घालून बाहेर पडायचं, हे यावरून ठरवलं की निम्मी निराशा टळते.

मिसळीचा जीव कटात, म्हणजे तिखट पातळ रश्श्यात, आणि कटाचा जीव वर तरंगणाऱ्या तेलात. ठाण्याची मामलेदार घ्या, ठाकुरद्वारचं विनय हेल्थ होम घ्या किंवा दादरचं आस्वाद घ्या (२०१५ मध्ये लंडनमध्ये झालेल्या फूडी हब पुरस्कारांत जगातला सर्वात चविष्ट शाकाहारी पदार्थ म्हणून याच्याच मिसळीला मान मिळाला होता). तिखटाची जात प्रत्येकाची वेगळी, पण कट उंच पातेल्यात मंद आचेवर बसलेला असतो, त्यामुळे तेल हळूहळू वर येतं आणि जाड थर धरतं. वाढणारा डाव वरून अलगद फिरवतो आणि प्रत्येक ताटलीत थोडी तर्री उतरते. घरी आपण पसरट कढईत करतो. तेवढंच तेल मोठ्या तोंडावर पसरतं, थर कागदासारखा पातळ होतो, आणि मग ‘तेल कमी पडलं’ म्हणून आणखी ओततो.

तरीही घरी करायचीच असेल, तर चार जणांसाठी हे प्रमाण. मटकी पाऊण वाटी, आठ तास भिजवून बारा तास फडक्यात बांधलेली. मोड अर्ध्या इंचाच्या पुढे जाऊ देऊ नका, मटकी गोडसर लागते आणि शिजताना मोड तुटून तरंगतात. हळद-मीठ घालून उघड्या पातेल्यात शिजवा, कुकर नको. कटासाठी दोन मध्यम कांदे, पाऊण वाटी किसलेलं सुकं खोबरं, दहा-बारा लसूण पाकळ्या, इंचभर आलं, एक मोठा चमचा धणे, दोन छोटे चमचे तीळ, चार लवंगा, सहा मिरे, दालचिनीचा एक तुकडा. तेल अर्धी वाटी, यात काटकसर केली तर ती आमटी होते. कांदा उभा चिरून थोड्या तेलावर गडद तपकिरी होईपर्यंत परतायचा. खोबरं आणि मसाले वेगवेगळे भाजायचे, कारण तीळ आणि खोबरं कांद्याच्या कितीतरी आधी करपतात. सगळं एकत्र बारीक वाटून उरलेल्या तेलात मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटं परता, कडेने तेल सुटेपर्यंत.

आता गॅस बंद करा, मिनिटभर थांबा, आणि मगच दोन मोठे चमचे लाल तिखट घाला: अर्धं ब्याडगीचं रंगासाठी, अर्धं लवंगीचं झणक्यासाठी. मिरचीचा लाल रंग तेलात उतरतो, पाण्यात नाही, म्हणून तिखट पाण्याच्या आधी. पण कडकडीत तेलात ते काही सेकंदांत काळं पडतं आणि मग कट कडवट होतो, तो गुळानेही सावरत नाही. लगेच सव्वा ते दीड लिटर उकळतं पाणी, मीठ, आणि वीस मिनिटं मंद उकळी. खळाखळा उकळलं किंवा सारखं ढवळलं तर तेल रश्श्यात मिसळून जातं आणि तर्री दिसतच नाही. दाटपणासाठी बेसन लावण्याची सवय बऱ्याच घरांत आहे, तिचाही तोच परिणाम: पीठ तेलाला धरून ठेवतं. शेवटी उभट भांड्यात काढून अर्धा तास नुसतं झाकून ठेवा. हा अर्धा तास बहुतेक घरांत कुणालाच धीर नसतो.

साबुदाणा वडा हाही बाहेरचाच. दादरच्या प्रकाशमध्ये वडा आणि पाठोपाठ पियुष मागवणं ही जुनी रीत आहे, आणि ती बरोबर आहे. मोठ्या कढईत सहा-आठ वडे पडले तरी तेलाचा ताप फारसा उतरत नाही. घरी अर्ध्या लिटर तेलात चार वडे सोडले की ते निवतं, वडे तेल पितात. फुटण्याचं कारण मात्र आधीच घडलेलं असतं. दाणा आत कोरडा राहिला की तळताना फुगून उसळतो, म्हणून भिजलेला साबुदाणा बोटांत दाबला की पूर्ण चिरडायला हवा. बटाटा गरम असताना कुस्करला तर चिकट गोळा होतो. दीड सेंटीमीटरपेक्षा जाड वड्यात वाफ कोंडते. दोन-दोनच तळा, एवढंच.

आता बिरडं. कडव्या वालांचं, सोललेल्या डाळिंब्यांचं. हे बाहेर चांगलं मिळणं जवळपास अशक्य आहे, आणि त्यात हॉटेलवाल्याचा दोष नाही. पाव किलो वाल सोलायला एका माणसाचा तासभर सहज जातो. शिवाय शिजलेली डाळिंबी इतकी हळवी असते की मोठ्या पातेल्यात खालचा थर वरच्याच्या वजनाने पिठूळ होतो, आणि जेवणाची वेळ संपेपर्यंत गरम ठेवली की उरलेलीही फुटते. ताटात येतं ते वालाचं वरण.

पाव किलो वाल बारा तास भिजवायचे, मध्ये एकदा पाणी बदलायचं. मग फडक्यात बांधून ठेवायचे. मुंबईच्या उन्हाळ्यात पंधरा-सोळा तास पुरतात, थंडीत एक दिवस-रात्र लागते. फडकं ओलं नको, दमट हवं. पाणी निथळलं नाही तर वाल बुळबुळीत होतात आणि आंबूस वास येतो, तो फोडणीत जात नाही. मोड आले की कोमट पाण्यात दहा मिनिटं टाका. चिमटीत दाबला की दाणा सालातून सटकन बाहेर उडी मारतो. दादर, गिरगाव, पार्ल्याच्या बाजारात सोललेले वाल मिळतात आणि घाईच्या दिवशी त्याला नाक मुरडायचं कारण नाही, फक्त पाण्यात बुडवून ठेवलेले घेऊ नका. गोडवा पाण्यात निघून गेलेला असतो.

दोन मोठे चमचे तेल, मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता, हवा असल्यास एक बारीक चिरलेला कांदा. डाळिंब्या घालून दोन मिनिटं परता, पण डावाने ढवळू नका, भांडंच हलवा. झाकणावर पाणी ठेवा आणि तेच गरम झालेलं पाणी थोडं थोडं आत सोडत राहा. बारा-पंधरा मिनिटांत दाणा बोटाने दबतो. तोपर्यंत आमसुलाला हात लावायचा नाही. आंबटाने दाणा शिजायचा थांबतो आणि मग कितीही उकळा, आत कणी राहते. गूळही नंतरच. दाणा मऊ झाल्यावर चार-पाच आमसुलं, सुपारीएवढा गूळ, तिखट, मीठ आणि पाच मिनिटं. सीकेपी (चांद्रसेनीय कायस्थ प्रभू) घरांत शेवटी नारळाचं दूध पडतं, ब्राह्मणी पद्धतीत गोडा मसाला आणि ओलं खोबरं. दोन्हींत आवडनिवड करण्याचं धाडस इथे करत नाही.

मासळीचं गणित दोन भागांत तुटतं: तळलेलं बाहेर, कालवण घरी. बोंबिलाचंच घ्या. त्याच्या अंगात पाणी फार. घरी ते काढायला चिरलेल्या बोंबलांना मीठ लावून दोन पाटांमध्ये फडक्यात ठेवायचं आणि वर दीड-दोन किलोचं वजन, तासभर. मसाला तळायच्या दहा मिनिटं आधीच लावायचा, जास्त वेळ ठेवला तर पुन्हा पाणी सुटतं. तीन भाग तांदळाचं पीठ, एक भाग बारीक रवा. तवा तापलेला, दोन बोंबलांमध्ये बोटभर अंतर, आणि एक बाजू कडक होईपर्यंत हात नाही लावायचा. लहान तव्यावर दाटी केली की ते वाफतात आणि उलथताना तुटतात. हॉटेलात मोठा तवा नाहीतर खोल कढई असते, म्हणून तिथला बोंबील कुरकुरीत. दादरच्या गोमांतकला जाऊन खावा, वाद घालू नये.

कालवणाचं उलट आहे. बऱ्याच खानावळींत खोबऱ्याचं एकच वाटण सकाळी तयार होतं आणि सुरमई, बांगडा, कोळंबी सगळ्यांवर तेच ओततात. बांगड्याला तिरफळं लागतात, ती पापलेटाला चालत नाहीत. चार बांगड्यांना एका मोठ्या नारळाची अर्धी वाटी खोवून, आठ ब्याडगी मिरच्या, एक छोटा चमचा धणे, हळद, हे गंधासारखं वाटा. भरड राहिलं तर रस्सा चोथा-पाणी होतो. वाटणात पाणी, मीठ, पाच-सहा आमसुलं घालून उकळी आणा, मग मासे आणि आठ-दहा किंचित ठेचलेली तिरफळं. तिरफळातल्या काळ्या बिया आधी काढून टाका, दाताखाली कचकचतात. पाच-सहा मिनिटांत मासा शिजतो. डाव घालू नका, भांडं कडेने धरून फिरवा. फोडणी नाही. वरून कच्च्या खोबरेल तेलाचा चमचा ज्याला झेपेल त्याने घालावा.

बाहेर मासे खाताना तारीख लक्षात ठेवा. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी नौकांना समुद्रात मासेमारीची बंदी असते. त्या दोन महिन्यांत ताटातली सुरमई शीतपेटीतून किंवा बाहेरगावाहून आली असण्याचीच शक्यता जास्त, मग थाळीचा भाव पूर्ण का द्यावा? त्या दिवसांत सुकट आणि जवळ्याकडे वळलेलं बरं, तेही घरीच.

अनोळखी मालवणी खानावळीत शिरलात तर थाळीच्या आधी सोलकढी मागवा. ताज्या नारळाच्या दुधाची सोलकढी फिकट, किंचित मळकट गुलाबी असते आणि लसणीचा वास मागाहून येतो. भडक राणी रंग दिसला तर बीट किंवा रंग घातलाय असं समजा. वर पांढऱ्या कण्या तरंगत असतील तर ती कालची, शीतपेटीत नारळाची चरबी गोठलेली. घरी एका नारळाला दहा-बारा आमसुलं अर्धी वाटी कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून, दोन लसूण पाकळ्या, एक हिरवी मिरची, आणि खोबऱ्याचं तीन वेळा पिळलेलं दूध. गरम करायची नाही, फाटते. आणि आमसुलं खारवलेली असतात, तेव्हा मीठ अगदी शेवटी, चाखून.