पंखा फुंकतो, पण आग मलाच रचावी लागते

रात्री ३ ला उठायचं, बॅटरीच्या उजेडात शेगडीच्या झाकणावरचा तापमानाचा काटा बघायचा, खालची झडप केसभर सरकवायची आणि पुन्हा अंथरुणात शिरायचं. ५ वाजता परत तेच. कोळशाच्या मंद धगीवर १२-१४ तास मांस शिजवायच्या नादापायी मी २ वर्षं अशी झोपमोड करून घेतली. शेवटी वैतागून तापमान सांभाळणारा कंट्रोलर आणला. आता निवांत झोपायचं, एवढीच माझी अपेक्षा होती.

यंत्र तसं साधं. एक प्रोब, म्हणजे तापमान मोजणारी सुई, जाळीला चिमट्याने अडकवायचा, दुसरा मांसात खुपसायचा आणि खालच्या झडपेपाशी छोटा पंखा बसवायचा. तापमान ठरवल्यापेक्षा उतरलं की पंखा निखाऱ्यांवर हवा सोडतो, चढलं की थांबतो. नुसता चालू-बंदही होत नाही. फरक किती आहे, किती वेळ टिकलाय आणि किती झपाट्याने बदलतोय, हे पाहून तो हवा कमी-जास्त करतो. या पद्धतीला पीआयडी म्हणतात. मी त्याला न झोपणारी फुंकणी म्हणते.

पहिल्या रात्री ११० अंश सेल्सिअस लावलं. जुन्या सवयीने कोळसा काठोकाठ भरला, सगळा छान लाल होऊ दिला आणि मग पंखा जोडला. अर्ध्या तासात आकडा १५० वर! पंखा केव्हाच थांबला होता, तरी आकडा चढतोच आहे. मी बटणं दाबली, यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं, बनवणाऱ्यांना मनातल्या मनात चार शब्द सुनावले. बऱ्याच वेळाने डोक्यात उजेड पडला. हे यंत्र फुंकू शकतं, विझवू शकत नाही. सगळा कोळसा एकदम पेटवून त्याच्या हाती दिला, तर ते बिचारं काय करणार?

पुढच्या वेळी मिनियन पद्धत धरली. अमेरिकेत बार्बेक्यूच्या स्पर्धांत उतरणाऱ्या जिम मिनियन यांच्या नावाने ती ओळखली जाते. खाली न पेटवलेला कोळसा भरायचा आणि वर थोडेच फुललेले निखारे ठेवायचे. शेजारचा कोळसा हळूहळू पेट घेतो आणि धग तासन्‌तास पुरते. मी १० निखाऱ्यांवर भागवलं. ११० गाठायला पाऊण तास लागला, पण ते ओलांडून आकडा फार पुढे गेला नाही.

तरी तो मधूनच ११८-१२० वर रेंगाळायचा, तेही पंखा बंद असताना. म्हणजे हवा दुसरीकडून शिरत होती. थंड असताना शेगडीत पेटती बॅटरी ठेवली, झाकण लावलं आणि अंधारात बाहेरून पाहिलं, तर कडेने उजेडाची रेघ! तिथे उष्णता सोसणारी पट्टी चिकटवली. पंखा सोडून खालच्या बाकी झडपा पूर्ण बंद केल्या आणि वरच्या धुराड्याला जेमतेम फट ठेवली. ते सताड उघडं असलं, तर पंखा थांबला तरी आग स्वतःच हवा ओढून घेते.

झाकणाची खोडही अशीच महागात पडली. डोकावायला ते उघडलं की प्रोबला गार हवा लागते, कंट्रोलरला वाटतं आग विझत चालली आणि तो जोरात फुंकू लागतो. तुम्ही झाकण लावता तेव्हा खाली निखारे धगधगत असतात. आता उघडण्याआधी पंखा थांबवते. काही कंट्रोलर हे आपणहून ओळखतात, माझा नाही. जाळीवरचा प्रोबही मांसापासून चार बोटं लांब ठेवते. गार मांसाला खेटून असला की तो खोटं, कमी तापमान सांगतो.

पण या यंत्राचा खरा उपयोग मला तापमान अडलं त्या दिवशी कळला. खांद्याचा मोठा तुकडा ६८ अंशांवर पोचला आणि तिथेच बसला. एक तास, दोन तास, आकडा हलेना. पूर्वी अशा वेळी मी आगीला दोष द्यायचे, झडपा उघडायचे आणि बाहेरचा थर करपवून ठेवायचे. या वेळी पडद्यावर दोन रेघा होत्या. जाळीची ११० वर सरळ, मांसाची ६८ वर सरळ. आगीचा काही दोष नव्हता. मांसातलं पाणी वर येऊन बाष्प होत होतं आणि जाताना उष्णता घेऊन जात होतं, घामाने अंग गार पडतं तसं. मी तुकडा जाड कागदात घट्ट गुंडाळला, बाष्प कोंडलं आणि मांसाची रेघ वर सरकू लागली. ९४ अंशांवर सळई लोण्यात जावी तशी आत गेली. इतका वेळ तापल्यावर मांसातल्या चिवट कोलॅजेन प्रथिनाचं मऊ जिलेटिन झालेलं असतं.

एकदा पाऊस आला म्हणून सगळा पसारा बंद पडवीत ओढायचा मोह झाला होता. पण कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो, त्याला वास नसतो. पसारा उघड्यावरच ठेवला आणि फक्त कंट्रोलरवर छप्पर धरलं.

मध्यंतरी पहाटे यंत्राला वीज देणारी पॉवर बँक संपली, पंखा थांबला आणि मी ढाराढूर. सकाळी जाळी ७१ वर होती. आता भरलेली दुसरी बँक शेजारीच ठेवते आणि फोनवर १० अंश वर-खाली झाले की वाजेल असा गजर लावते. ३ वाजता जाग मात्र अजून येतेच. उशीवरूनच फोन बघते. १०९. कूस बदलते.