कुंकू न धरणारी गाडी

गेल्या वर्षी गाडीला सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर पाणी न धरणारा पारदर्शक थर, करून घेतलं ते निव्वळ आळसापोटी. "धुवायची कटकटच नाही सर, नुसतं पाणी मारायचं," असं दुकानातला मुलगा म्हणाला आणि बॉनेटवर पाणी उडवून दाखवलं. अळवाच्या पानावरून घरंगळावेत तसे थेंब घरंगळले. त्यांच्यामागोमाग मीही.

पैसे भरल्यावर हातात पथ्यांचा कागद आला. सात दिवस पाणी लावायचं नाही. पीएच न्यूट्रल शाम्पूच वापरायचा. बादल्या दोन, एक शाम्पूची, एक कापड खळबळायला. उन्हात धुवायचं नाही. दर तीन-चार महिन्यांनी वरून स्प्रेचा हात द्यायचा. बाळंतिणीचंही एवढं करत नाहीत.

पहिली अडचण मामांची. आमच्या धायरीच्या सोसायटीत ते पहाटे पाचला येतात आणि एक बादली, एक फडकं यांवर अख्खं पार्किंग उरकतात. पाचव्या गाडीपर्यंत बादलीत चहा झालेला असतो. धूळ म्हणजे शेवटी बारीक वाळूच; ती फडक्यातून बॉनेटवर गोल गोल फिरते आणि उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे चरे दिसायला लागतात. कोटिंगवर नाइन एच असा कडकपणाचा आकडा लिहिलेला असतो खरा, पण ती मोजपट्टी पेन्सिलीच्या ओरखड्याची; वाळूला त्याचं काय?

"मामा, उद्यापासून माझी गाडी पुसू नका."

"पैसे बंद का साहेब?"

"छे, पैसे देणारच."

मामांना हे पटेना. फुकटचे पैसे नकोत म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांनी जरा जास्तच जोर लावून पुसली. शेवटी तह झाला: त्यांनी फक्त आतून पुसायची.

म्हणजे धुणं माझ्याकडे आलं. त्यात आमच्याकडे टँकरचं पाणी, जड. थेंब गोल राहतो म्हणून आपण खूश, पण तोच थेंब जागच्या जागी वाळला की क्षाराचं पांढरं कडं सोडून जातो. म्हणून धुऊन झाल्या झाल्या टिपायचं, घासायचं नाही. मायक्रोफायबरचं कापडही वेगळं धुवायचं, त्याला कपडे मऊ करायचं कंडिशनर चालत नाही. दर रविवारी सकाळी सात वाजता मी सावली शोधत गाडी टिपत असतो. आई गॅलरीतून बघते. "समई कधी घासली नाहीस इतक्या मायेने," एवढंच म्हणते.

दसऱ्याला खरी गंमत झाली. आईने कुंकू कालवलं, बोट बुडवलं आणि बॉनेटवर स्वस्तिकाची पहिली रेघ ओढली. रेघ क्षणभर राहिली आणि तिचे लाल मणी झाले. आईने पुन्हा ओढली, पुन्हा मणी. एक तर घरंगळून बंपरवर गेला.

"अरे, हिला कुंकू लागत नाही!"

"कोटिंग आहे आई. काही चिकटत नाही तिला."

आईने माझ्याकडे असं पाहिलं, की परत देता येते का हे विचारायचंच बाकी होतं. मग कंबरेवर हात ठेवून तिने गाडीभोवती एक चक्कर मारली, खाली वाकली आणि नंबरप्लेटवर दोन आकड्यांच्या मधे ठसठशीत स्वस्तिक काढलं. तिथे कोटिंग नव्हतं. ते अजून आहे, आणि रविवारी मी तेवढं सोडून टिपतो.