हॉस्टेल चालतं ते सकाळी सहा ते आठ

पुण्यात कर्वेनगरमधलं चाळीस मुलींचं हॉस्टेल सासूबाईंकडून माझ्याकडे आलं, तेव्हा जो तो सल्ला देत होता तो गेटच्या वेळेचा आणि मुलींच्या वागण्याचा. प्रत्यक्षात भांडणं होत होती ती सकाळी सहा ते आठमध्ये आणि सगळी पाण्यावरून. ती वेळ मार्गी लावली आणि बाकीची कटकट निम्म्यावर आली.

शहरात माणशी रोज १३५ लिटर पाण्याचा निकष धरतात. म्हणजे चाळीस जणींना ५,४०० लिटर, मेसचं वेगळं. आमची गच्चीवरची टाकी ३,००० लिटरची. खाली हौद भरलेला असायचा, पण ऐन साडेसातला वरचे नळ कोरडे. गच्चीवर दुसरी टाकी चढवली आणि पंपाला फ्लोट स्विच लावला, म्हणजे टाकी भरली की पंप आपोआप बंद. मावशींच्या गच्चीवरच्या फेऱ्या थांबल्या, टाकी वाहून जाणंही थांबलं. सोलरचं गरम पाणी खालच्या मजल्यावर पोचेपर्यंत पाईपमधलं गार पाणी प्रत्येक जण सोडून देते. ते धरायला प्रत्येक बाथरूममध्ये जादा बादली ठेवली. कपडे भिजवायला ते पाणी पुरतं. जुलै-ऑगस्टात ढग असले की सोलर नावापुरताच, त्यामुळे टाकीतला विजेचा हीटर पहाटे टायमरवर लागतो. आंघोळीचं वेळापत्रक मात्र मी करत नाही. मुलीच आपापल्या कॉलेजच्या वेळा बघून करतात आणि पाळतात. मी केलं असतं तर रोज माझ्या दारात उभ्या राहिल्या असत्या.

मेसमध्ये पैसे जातात ते उरलेल्या पोळ्यांत. ‘काकू, मी उद्या नाही’ हे रात्री नऊच्या आत ग्रुपवर आलं तरच खाडा धरायचा, नाहीतर पैसे कापायचे नाहीत, हा नियम पहिल्या दिवशीच लेखी देते. शनिवार-रविवारी निम्म्या मुली गावी जातात, तेव्हा कणीक त्या मानानेच. संकष्टीला उपास करणाऱ्यांची संख्या अचानक दुप्पट होते. श्रद्धेपेक्षा साबुदाण्याच्या खिचडीचा त्यात हात जास्त असावा, तरी शेंगदाणे आदल्या दिवशीच भाजून ठेवते. आणि गॅस १९ किलोचा व्यावसायिकच. घरगुती सिलिंडर मेसला वापरणं बेकायदा आहे.

खोलीत लपवलेलं इंडक्शन शोधत फिरायचा मला कंटाळा. इलेक्ट्रिशियनकडून प्रत्येक खोलीला वेगळा, बेताचा एमसीबी (जास्त भार आला की आपोआप पडणारा स्विच) बसवून घेतला आणि सगळे माझ्या नजरेसमोर खाली ठेवले. मॅगीच्या नादात ज्या खोलीची वीज जाते, ती खोली आपणहून खाली येते.

गेट साडेनऊला बंद होतं, पण उशीर होणार असेल तर पालकांचा फोन पुरतो. अनंत चतुर्दशीला मात्र नियम गुंडाळून ठेवायचा. पुण्यातली मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, तेव्हा कोण साडेनऊला येणार? त्या रात्री गटागटाने जायचं आणि गटानेच परतायचं, एवढीच अट.

कागदपत्रांत डिपॉझिटची पावती, खोली ताब्यात देतानाचे फोटो, एक महिन्याची नोटीस आणि पोलिसांकडे माहितीची नोंद हे आलंच. जास्त डोकं खाल्लं ते जीएसटीने. जुलै २०२४ पासून माणशी महिना २०,००० रुपयांपर्यंतच्या निवासाला सूट आहे, पण मुक्काम सलग किमान ९० दिवसांचा हवा. इंजिनिअरिंगच्या प्रवेशफेऱ्या लांबतात, त्यामुळे मे ते ऑगस्ट खाटा रिकाम्या आणि मावशींचा पगार चालू. तेव्हा दोन महिन्यांच्या इंटर्नशिपवाल्या मुली विचारायला येतात आणि मोह होतो. पण त्यांच्या निवासाला ही जीएसटीची सूट लागू होत नाही, आणि आमची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर, म्हणजे नोंदणी आली. सीएंशी बोलून मी किमान मुक्कामच तीन महिन्यांचा केला. स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या मुलींना तो चालतो. त्या कॉलेजच्या मुली यायच्या आधी येतात आणि बऱ्याचदा वर्षभर हलत नाहीत.